पळीभर सोडा

३ मार्च, शुक्रवार

वहिनी, नमस्कार.

पत्र पाहून भुवया वर गेल्या असतील. पण तुम्हाला फोन करून काय उपयोग? मागच्या वेळी मी "घरी आलोय" म्हणालो आणि तुम्ही "मेलोय" ऐकून दादाला हाका मारायला लागलात. कानातलं यंत्र कपाटात ठेवायला घेतलंत का, हे तुम्हाला विचारायची हिंमत दादाला नाही, तिथे मला कुठून येणार?

एक गोष्ट आधीच लिहून टाकतो, नाहीतर पत्रभर इकडचं तिकडचं करत बसेन. मी घाबरलोय.

लेकीचं तुम्हाला माहीत आहे. आठवा महिना, ब्लडप्रेशर उतरायचं नाव नाही, दवाखान्यात पलंगावर निजवून ठेवलंय आणि जावई तिच्या उशाशी. डॉक्टरांनी बजावलंय की तिला कसलीही काळजी लागता कामा नये, नाहीतर दोन्ही जिवांना धोका. म्हणून भिंगरी माझ्याकडे आली. सहा वर्षांची पोर. नाव भिंगरी, पण इथे आल्यापासून खिडकीजवळच्या खुर्चीत बसली की हलत नाही. आणि वहिनी, ती जेवत नाही.

नखरे म्हणावेत तर रडत नाही, ताट ढकलत नाही. "नको" म्हणते आणि हात मांडीवर ठेवते. अंडं केलं, बटाटे उकडले, सूप केलं. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी खीर करून आणली, तिच्याकडे तर बघितलंही नाही. सोबत आणलेल्या डब्यातली बिस्किटं तेवढी खाते, आणि केळं, तेही स्वतः सोलून. डब्याचा तळ आता दिसायला लागलाय. रोज सकाळी ती झोपेत असताना मी डबा हलवून बघतो.

लेक रोज फोनवर विचारते, "बाबा, जेवते ना ती?" मी म्हणतो, "अगं, मला उरत नाही!" दुसरं काय सांगू?

काल मी हात जोडून विचारलं, "बाई, तू काय खाशील ते तरी सांग." तर म्हणाली, "घरचं वॅफल." मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तेच. लेकीने तिच्या सामानात विजेचा साचा दिलाय खरा. लेकीला ही विद्या तुम्ही शिकवलीत. कणकेचं करायचं असतं, मैदा चालत नाही, एवढंच मला ठाऊक. तेव्हा कृती लिहून पाठवा. आणि वहिनी, "अंदाजाने", "जरासं", "मावेल तेवढं" असलं काही लिहू नका. मी जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासले. मला माप सांगा, मी कणभर इकडचं तिकडे करणार नाही.

दादाला नमस्कार. उत्तराची वाट बघतोय, अगदी दारात उभा राहून.

तुमचा भाऊजी


७ मार्च, मंगळवार

भाऊजी, आशीर्वाद.

पहिली गोष्ट, घाबरू नका. पोरं उपाशी मरत नाहीत, मोठ्यांना मारतात. तुमची लेक लहानपणी आठवडाभर नुसत्या काकडीवर राहिली होती. तुम्ही दौऱ्यावर होतात, तुम्हाला कोण सांगणार!

तुमचे दादा मजेत आहेत. यंत्र कपाटात नाही, पर्समध्ये आहे.

आता कृती. मी इथून लिहिणार आणि तुम्ही तिथे करणार, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणंच. पण तुम्ही शहाणी शेळी आहात असं समजून लिहिते.

दोन वाट्या कणिक घ्या. चाळू नका, कोंडा राहू द्या. चिमूटभर मीठ (तुमच्या तराजूला चिमूट कळत नसेल तर शिंपीणबाईंची चिमूट घ्या) आणि दोन चमचे साखर. दोन अंडी फोडा, पांढरं एकीकडे, पिवळं एकीकडे. पिवळ्यात पावणेदोन वाट्या दूध आणि अर्धी वाटी वितळवलेलं लोणी घालून ते कणकेत कालवा. गुठळ्या राहिल्या तर राहू द्या, घोटत बसू नका, नाहीतर चामडं होतं. दहा मिनिटं झाकून ठेवा, कणकेला दूध प्यायला वेळ लागतो. पांढरं मात्र फेटा, हात दुखेपर्यंत फेटा, भांडं उलटं केलं तरी पडता कामा नये. वॅफल हलकं होतं ते त्या फेसाने. तो फेस हलक्या हाताने पिठात मिसळा. साच्याला लोणी पुसा. साचा तापला, दिवा विझला, की पळीभर सोडा आणि झाकण लावा. वाफ यायची थांबेपर्यंत झाकण उघडायचं नाही. मनाचा हिय्या करून गप्प उभं राहा, पुरुषांना तेवढंच जमत नाही.

पहिलं वॅफल नेहमी फसतं. ते स्वतः खा आणि चेहरा हसरा ठेवा. तिच्यासमोर खा. मुलं आपल्या तोंडाकडे बघून ठरवतात.

काय होतं ते लगेच कळवा.

वहिनी


१० मार्च, शुक्रवार

वहिनी, नमस्कार.

तुमचं पत्र आलं आणि जीव भांड्यात पडला. सगळी तयारी झाली आहे. रविवारी सकाळी करतो, त्या दिवशी शिंपीणबाईंचं शिलाई यंत्र बंद असतं, घरात शांतता असते. शनिवारी कोरडा सराव करतो, म्हणजे साचा नुसता तापवून बघतो.

बिस्किटं काल संपली. भिंगरीने रिकामा डबा धुतला, पुसला आणि बॅगेत ठेवला. तिच्या मनगटाची हाडं आता वर आलीत. रात्री तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघतो, हसू नका.

दोन शंका आहेत. उत्तर यायच्या आत रविवार येईल हे कळतंय, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही सगळ्याचं माप दिलंत, पण साच्यात पीठ किती ओतायचं ते लिहायलाच विसरलात! मी अंदाजाने ओतेन. आयुष्यात पहिल्यांदा.

दुसरी शंका, सोडा पळीभर? तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, पण दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. एका डबीत माझी पळी भरेना, म्हणून तीन डब्या घेतल्या. "आजोबा, बेकरी टाकताय का?" म्हणाला. मी म्हटलं, आमच्या वहिनींची कृती आहे, तुला काय कळतंय! दिवा विझल्याबरोबर तो पिठात ढवळणार. कणिक जड असते, तिला उचलायला तेवढा लागत असेल, असं मी माझं समाधान करून घेतलं आहे.

पहिलं तिच्यासमोर मीच खाणार. तुम्ही सांगितलंत तसा हसऱ्या चेहऱ्याने.

भाऊजी


१३ मार्च, सोमवार, दुपार

भाऊजी,

सोडा घालू नका. सोडा घालू नका. खायचा नाही, तिला द्यायचा नाही, सगळं पीठ फेकून द्या.

अहो, कृतीत सोडा नाहीच आहे! "पळीभर सोडा" म्हणजे तयार पीठ पळीभर साच्यात सोडा. ओता! सोडणे! वाक्यात "पीठ" हा शब्द लिहायचा राहिला आणि तुम्ही माझ्या एका शब्दाचं विष केलंत. ध चा मा ऐकला होता, आज सोडण्याचा सोडा पाहिला.

हे कुणाला लिहितेय मी? रविवार कालच गेला. तुमचं पत्र आत्ता, बाराच्या टपालाने आलं. तुमची दुसरी शंका मी दोनदा वाचली. एवढा सोडा पोटात गेला तर मोठ्या माणसाचं रक्त बिघडतं. सहा वर्षांच्या, दोन आठवड्यांच्या उपाशी पोरीचं काय होईल, ते मला मनात आणवत नाही. आणि मीच लिहिलं होतं, तिच्यासमोर खा, मुलं बघून खातात.

समोरच्या औषधवाल्याकडे धावत गेले. तोच फोन लावतोय, मी ऐकू शकत नाही म्हणून त्याच्या तोंडाकडे बघत उभी आहे. चार वेळा लावला. घंटा वाजते, कुणी उचलत नाही. त्याने खुर्ची दिली, त्याच्याच गल्ल्यावर कागद ठेवून लिहितेय, कारण हातांना दुसरं काही सुचत नाही.

मी आत्ता निघाले असते. पण तुम्हाला लिहिलं नव्हतं, तुमच्या दादांचा पाय मोडलाय. जिन्यावरून पडले, मांडीपर्यंत प्लास्टर आहे, पाणीसुद्धा हातात द्यावं लागतं. तुम्हाला आधीच काळजी, म्हणून "मजेत" लिहिलं.

आत्ता फोन उचलला! कुणीतरी बाई आहे. मी औषधवाल्याला पढवून ठेवलं होतं की आधी सोड्याचं सांग, बाकी मग. त्याने ओरडून सांगितलं. बाई म्हणाली, आजोबा कालपासून दवाखान्यात आहेत, कपडे न्यायला आले, डॉक्टरांना सांगते. मुलीचं विचारायच्या आत तिने फोन ठेवला. आता पुन्हा घंटा वाजतेय.

भाऊजी, मुलगी कुठे आहे? तिने खाल्लं का? एका शब्दात लिहा. शब्द मात्र पूर्ण लिहा.

वहिनी


१५ मार्च, बुधवार

वहिनी,

तिने खाल्लं नाही. एक कणही नाही. ती माझ्या पलंगाच्या पायथ्याशी बसली आहे आणि तिला काहीही झालेलं नाही. आता श्वास घ्या आणि मग पुढचं वाचा.

अक्षर वाकडं आहे ते बोटांमुळे. अजून आखडलेली आहेत.

रविवारी सगळं तुमच्या शब्दाबरहुकूम केलं. सोडा घातल्याबरोबर पीठ असं फसफसलं की मी मागे सरकलो. वॅफल मात्र दिसायला सुरेख, तांबूस. भिंगरीला समोर बसवलं, ताटलीत वॅफल, वर मध. पहिला घास घेतला आणि तोंडात कपडे धुतल्यासारखं झालं. पण ती बघत होती. मी हसलो. "वा!" म्हणालो. मला वाटलं, कणकेची चवच अशी असेल, मुलांना आवडत असेल. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, म्हणून मी दुसरं घेतलं, मग तिसरं. "बघ, आजोबांना किती आवडलं!" तिने हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "नको."

वहिनी, मी तिच्यावर चिडलो. ते तुम्हाला सांगायलाच हवं. मी काटा तिच्या ओठांपर्यंत नेला. तिने तोंड घट्ट मिटलं. ते तिने उघडलं असतं तर आज मी तुम्हाला पत्र लिहायला कुठल्या तोंडाने बसलो असतो? या विचाराने मला इथल्या पलंगावर दरदरून घाम फुटतो, आणि नर्सला वाटतं ताप उतरतोय.

तासाभरात पोट नगाऱ्यासारखं झालं. ओकाऱ्या थांबेनात. मग हातांची बोटं आपोआप आत वळली, उघडता येईनात, जीभ जड झाली. मी जमिनीवर होतो आणि भिंगरी दारात उभी होती. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मला आठवायचं नाही. ती अनवाणी खाली पळाली. इतके दिवस शेजारपाजाऱ्यांशी एक अक्षर न बोललेली पोर, शिंपीणबाईंचा हात धरून म्हणाली, "चला. आजोबांनी बाहेरचं खाल्लं."

झालं! शिंपीणबाईंनी तेच डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर मला विचारतात, कुठल्या हॉटेलात खाल्लंत? मी मान हलवतो, तर ते म्हणतात, घाबरू नका, मालकाला सांगणार नाही. रात्रभर शिळ्या अन्नावरची औषधं चालली होती. तुमचा निरोप पोचला तेव्हा कुठे त्यांनी रक्त नीट तपासलं आणि चेहरे बदलले. आणखी एक रात्र गेली असती तर हृदयावर आलं असतं, असं मोठे डॉक्टर म्हणाले. तेव्हा शब्द तुमचाच चुकला आणि जीवही तुम्हीच वाचवलात. फिटंफाट.

काल मला जरा बरं वाटल्यावर मी भिंगरीला विचारलं, "अगं, मी बाहेरचं कुठे खाल्लं? घरीच केलं होतं ना?" ती माझ्याकडे, मीच लहान असल्यासारखी, बघायला लागली. म्हणाली, "आईने सांगितलंय. मी येईपर्यंत बाहेरचं काही खायचं नाही. घरचंच खायचं." मी म्हटलं, "मग?" ती म्हणाली, "मग आपलं घर तर तिकडे आहे."

वहिनी, म्हणून ती उपाशी होती! तिच्या लेखी माझं स्वयंपाकघर म्हणजे बाहेर. बिस्किटं घरची. केळ्याला साल असतं म्हणून चालतं. "घरचं वॅफल" म्हणजे आईच्या घरून आलेलं वॅफल. आईचा शब्द जसाच्या तसा पाळत होती पोर, आणि मी तिला हट्टी समजलो. माझंच रक्त, दुसरं काय. आता तर आजोबांचे हाल बघून तिची खात्रीच पटली आहे. इथलं पाणीसुद्धा वास घेऊन पिते. शिंपीणबाई सालासकट संत्री आणतात, त्यावर दिवस चालले आहेत.

लेकीला मी सांगितलं की आमचा फोन बिघडला होता. जावयांनाही तेच. तिला कळलं तर?

आणि दादाचा पाय मोडला असताना मला "मजेत" लिहिता? फार राग आला मला. पण मी राग करणारा कोण.

भाऊजी


१८ मार्च, शनिवार

भाऊजी,

तुमचं पत्र मी उभ्यानेच वाचलं. पहिली ओळ वाचली आणि मग बसले. तुमच्या दादांनी विचारलं, काय झालं, तर पत्रच त्यांच्या हातात दिलं. औषधवाल्यालाही वाचून दाखवलं, बिचारा रोज विचारत होता.

रागवा हो. पण मी "पाय मोडला" लिहिलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? तिथे आणखी एक रात्र जागला असतात. मी लेकीलाही पत्र टाकलंय, भिंगरीचे गाल वर आलेत, आजोबा मजेत आहेत, असं. देव मला काय करायचं ते करो, तिचं ब्लडप्रेशर वाढायला नको.

आता माझं ऐका. तुम्ही घाबरलात, मीही घाबरले, पण सगळ्यात जास्त ती पोर घाबरली आहे आणि तिला कुणी एक साधा शब्द सांगितला नाही. तिला सांगा की तुमचं घर म्हणजे बाहेर नव्हे. त्याला आजोळ म्हणतात. आईच्या बाबांचं घर. जगात दोनच घरं अशी असतात की तिथलं खाल्लेलं बाहेरचं धरत नाहीत, एक आपलं आणि एक आजोळ. तुम्ही तिला "आजोबांकडे राहायचंय" म्हणून आणलंत. कुणाकडे राहायला गेलेलं माणूस पाहुणं असतं, भाऊजी. तुमच्या लेकीनेही तिला हा शब्द शिकवला नसेल, हल्लीच्या मुलींना घाई असते.

कृती तीच. फक्त ते वाक्य खोडा आणि असं लिहा: तयार पीठ पळीने साच्यात ओता. सोड्याच्या डब्या शिंपीणबाईंना देऊन टाका.

पुढच्या आठवड्यात प्लास्टर निघालं की मी निघते.

वहिनी


२२ मार्च, बुधवार

वहिनी,

सोमवारी घरी सोडलं. बोटं आता सरळ होतात.

काल सकाळी भिंगरीला समोर बसवून मी तो शब्द सांगितला. ती लगेच कबूल होईल तर ती आमची कसली! "आजोळ घरात धरतात असं कोण म्हणतं?" मी म्हटलं, सगळे. "आईला माहीत आहे?" मी म्हटलं, तुझी आई इथलंच खाऊन एवढी मोठी झाली. "कुठे बसायची?" मी जागा दाखवली. भिंगरी उठली, ती खुर्ची ओढली, बसली, पाय हलवून बघितले. पाय खाली टेकत नव्हते. म्हणाली, "आईचे टेकायचे?" मी म्हटलं, नाही, तिचेही असेच लोंबायचे. मग म्हणाली, "ठीक आहे. पण यात काय काय घालताय ते मला दाखवा."

तिने प्रत्येक गोष्टीचा वास घेतला. कणिक, मीठ, साखर, दूध. फेस तिनेच फेटला, मध्ये मध्ये मी. पीठ ओतलं. ओतलं, वहिनी. वाफ थांबेपर्यंत दोघं गप्प उभे राहिलो. पहिला घास तिने तोंडात ठेवला तेव्हा मी तिच्या बोटांकडेच बघत होतो. तिने चावला, गिळला आणि ताटली पुढे केली. मी स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन रडलो.

हे एवढंच लिहायचं होतं आणि पत्र संपवायचं होतं. पण आज तिने दुसऱ्यांदा वॅफल मागितलं, पहिलं खाऊन झालं, दुसरं ताटलीत होतं, आणि लेकीचा फोन आला. माझे हात पिठाचे होते. इतके दिवस फोनवर बोलायला तयार नसलेल्या भिंगरीने स्वतः उठून फोन घेतला. मला पलीकडचं ऐकू येत नव्हतं, हिचं येत होतं.

"हो, जेवते. रोजच जेवत होते." मग थोडं थांबून, "नाही गं, फोनच बिघडला होता." मग, "आजोबा मजेत आहेत. त्यांना काही झालं नव्हतं. आम्ही रोज बागेत जातो."

आवाज जराही थरथरला नाही तिचा. मध्ये एकदा हसलीसुद्धा, तुम्ही हसता तसं. जी पोर आईचा एक शब्द मोडायला नको म्हणून उपाशी राहिली, ती ही. फोन ठेवून ती माझ्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, "आईला कळलं तर बाळाला काहीतरी होईल ना?"

मी म्हटलं, "हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तुम्ही सगळे दार लावून बोलता, पण मोठ्याने बोलता."

मग ती आईच्या खुर्चीत बसली आणि दुसरं वॅफलही संपवलं, शेवटचा तुकडा मधात फिरवून. मी माझी ताटली घेऊन समोर बसलो होतो. माझ्या घशाखाली एक घास उतरला नाही. दादाचं प्लास्टर निघो न निघो, त्याला घेऊन लवकर या.

भाऊजी